आमची वाटचाल : जुनी पुस्तकं, नवी फाइल आणि एक तक्रार

कॉपीराइट संपलेली मराठी पुस्तकं ईपब, म्हणजे ई-पुस्तकाची फाइल, करून विकणं हा आमचा धंदा. "फुकटचा मजकूर, मग पैसे कसले?" हे आम्हाला अजूनही ऐकावं लागतं. पैसे कामाचे. पान ४०० डीपीआयला, ग्रेस्केलमध्ये, टिफ या प्रतिमा-फाइलीत स्कॅन करून घ्यायचं. थेट काळं-पांढरं घेतलं की पुसट अनुस्वार गळतात, आणि १९६२च्या शुद्धलेखन नियमांआधीच्या छपाईत अनुस्वार पावलोपावली असतात. मग स्कॅनटेलर या प्रोग्रॅममध्ये पानं सरळ करायची, चित्रातली अक्षरं ओळखणाऱ्या टेसरॅक्टचं मराठी मॉडेल चालवायचं आणि खऱ्या कामाला बसायचं. घ-ध, भ-म, ब-व यांची अदलाबदल झालेली असते, 'ख'चा 'रव' होतो, रफार उडतो. मुद्रितं दोन वेगळ्या माणसांनी वाचायची, कारण एकाच माणसाच्या नजरेला तीच चूक दुसऱ्यांदाही दिसत नाही.

आमचे सर्वांत कडक मुद्रितशोधक मात्र पगारी नाहीत, ते गिऱ्हाईक आहेत. सातारा भागातले एक निवृत्त गुरुजी. त्यांना दिसत नाही, ते स्क्रीन रीडरवर ऐकतात. डोळा 'रव'ला 'ख' समजून पुढे जातो, यंत्र जे आहे तेच बोलतं. पानाची प्रतिमा विकणाऱ्यांचं पीडीएफ त्यांना काहीच बोलून दाखवत नाही. पहिल्या यादीपासून ते आमचं प्रत्येक पुस्तक विकत घेतात आणि चुकांची यादी पाठवतात.

मधली वर्षं सुरळीत गेली. त्यांत सांगण्यासारखं काही नाही.

मग एका प्रकाशकाने, त्याच लेखकांची पुनर्मुद्रणं काढणाऱ्या, आम्ही जिथे विकतो त्या ऑनलाइन दुकानाकडे तक्रार केली. यादीतली निम्मी पुस्तकं एका झटक्यात उतरवली गेली, खातं गोठलं, साचलेले पैसे अडकले. दावा काय, तर "ही आमची आवृत्ती आहे."

ती नव्हती. आमचं स्कॅन लेखकाच्या हयातीतल्या छापील प्रतीवरून होतं. भारतीय कायद्याच्या कलम २२प्रमाणे लेखकाच्या मृत्यूनंतरच्या १ जानेवारीपासून ६० वर्षं मोजायची. साने गुरुजी १९५० साली गेले, म्हणून त्यांच्या हयातीत छापलेलं सगळं १ जानेवारी २०११ला मुक्त झालं. नवी प्रस्तावना, टिपा, चित्रं ही पुनर्मुद्रण करणाऱ्याची असू शकतात, मूळ मजकूर नव्हे. ईस्टर्न बुक कंपनीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २००७मध्ये याच रेषेवर बोट ठेवलं : न्यायनिर्णयाचा मूळ मजकूर कुणाचा नाही, संपादकाची टिपणं त्याची. ब्रिटनमध्ये पानाच्या मांडणीवर २५ वर्षांचा वेगळा हक्क असतो, आपल्याकडे तो नाहीच.

पण दुकान अमेरिकी, तिथे १९९८चा डीएमसीए हा कॉपीराइट कायदा. उतरवलेलं पुस्तक परत चढवायला दुकानाला प्रतिनोटीस, म्हणजे तक्रारीला उलट उत्तर, द्यावी लागते. प्रतिनोटिशीत उतरवलेल्या पुस्तकाची ओळख, नाव-पत्ता-फोन, सही, खोटं ठरल्यास शिक्षा मान्य असल्याचं विधान आणि अमेरिकी न्यायालयाचं अधिकारक्षेत्र कबूल, एवढं लागतं. तक्रारदार कोर्टात गेला नाही तर १० ते १४ कामाच्या दिवसांत पुस्तक परत चढायला हवं.

इथे बरेच जण फसतात. आपली मुदत ५० वर्षांची ६० झाली ती १९९२च्या दुरुस्तीने, आणि ती १९९१च्या अखेरीस जिवंत असलेल्या हक्कांना लागू झाली. म्हणजे १९४० किंवा त्याआधी गेलेल्या लेखकाचं, हयातीत छापलेलं पुस्तक दोन्ही देशांत मोकळं. परदेशी पुस्तकांसाठी अमेरिका १ जानेवारी १९९६ची स्थिती बघते. १९४१ किंवा नंतर गेलेल्यांचा हक्क त्या दिवशी भारतात चालू होता, म्हणून अमेरिकेने तो प्रकाशनापासून ९५ वर्षांसाठी जिवंत केला. साने गुरुजींचं पुस्तक पुण्यात मुक्त, पण अमेरिकेत अजून नाही. प्रतिनोटीस फक्त पहिल्या गटासाठी द्यायची. दुसऱ्या गटाला विक्रीचा प्रदेश 'भारत' एवढाच ठेवायचा. आम्ही तसंच केलं.

त्याच प्रकाशकाने आमच्या भारतातल्या होस्टिंगवाल्यालाही पत्र धाडलं. तिथे भारतीय कायद्याचं कलम ५२(१)(सी) आणि २०१३च्या नियमांतला नियम ७५ : ३६ तासांत दुवा बंद, पण २१ दिवसांत कोर्टाचा आदेश आला नाही तर तो पुन्हा उघडता येतो, आणि त्याच तक्रारदाराच्या त्याच तक्रारीला पुन्हा दाद द्यायचं बंधन नाही. सोबत वकिलाकडून कलम ६०ची नोटीस पाठवली, कारण बिनबुडाच्या धमकीविरुद्ध दावा लावता येतो. खटला कुणी भरला नाही. पुस्तकं परत आली, पैसे रखडत आले. मधल्या काळात आमच्या सातारच्या गुरुजींनी ईमेलवरून फाइली मागवल्या आणि यूपीआयने पैसे पाठवले.

खोट्या तक्रारीला खर्च शून्य, ही खरी दुखरी नस. अमेरिकेत जाणूनबुजून खोटं बोलल्याचं सिद्ध करावं लागतं. आपल्याकडे समोरच्याने दावा भरून तो नेटाने चालवला की कलम ६० निकामी. सुधारणा करायचीच असेल तर तक्रारीसोबत लेखकाचं मृत्यूवर्ष आणि पहिल्या प्रकाशनाचं वर्ष लिहिणं सक्तीचं करा. दोन आकडे, बस. मुंबई उच्च न्यायालयात २०१६ साली न्या. गौतम पटेल यांनी सिनेमांच्या पायरसी प्रकरणांत अख्ख्या साइटऐवजी नेमके दुवेच दाखवा, असा आग्रह धरला होता. हीच शिस्त पुस्तकांनाही लावा. नाहीतर ऑगस्ट २०१७सारखं होतं, सिनेमाच्या पायरसीविरुद्धच्या आदेशात आर्काइव्ह डॉट ऑर्ग हे जुन्या पुस्तकांचं ऑनलाइन ग्रंथालयच भारतात बंद. जुनी मराठी स्कॅन शोधणारा सगळा धंदा तिथेच अडतो.

म्हणून न विचारता सांगतो : प्रत्येक पुस्तकाची पुराव्याची फाइल ठेवा. शीर्षकपान आणि त्यामागचं पान, मृत्यूवर्षाचा आधार, टिफची एसएचए-२५६ यादी (फाइल बदललेली नाही हे दाखवणारे आकडे), दोन डिस्कवर. अनुवाद असेल तर अनुवादकाचं मृत्यूवर्ष वेगळं तपासा. लेखक गेल्यावर पहिल्यांदा छापलेलं असेल तर ६० वर्षं छपाईपासून मोजा. फॉन्ट खुल्या परवान्याचाच घ्या, नोटो चालतो.

आचार्य अत्रे १९६९ साली गेले. त्यांच्या हयातीतल्या छापील प्रती आम्ही आत्तापासून जमवतोय. स्कॅनरवर त्या १ जानेवारी २०३० नंतरच चढतील, आणि प्रकाशनाला ९५ वर्षं न झालेल्या पुस्तकांची अमेरिकेपुरती विक्री तेव्हाही बंद असेल.