कोह ताओला जाऊन रेग्युलेटर उघडायला शिकले

जूनमध्ये आमच्या मालवणला समुद्र खवळतो, बोटी वर ओढून शाकारून ठेवतात आणि डायव्हिंगवाल्यांचं काम जवळपास गणपती होईपर्यंत बंद. थायलंडच्या आखातात मात्र उलटं आहे, तिथला खरा जोरदार पाऊस ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून सुरू होतो, त्यामुळे आपला सीझन बंद असतो तेव्हा तिथल्या कोह ताओ बेटावर सगळं जोरात चालू असतं. रेग्युलेटर सर्व्हिसिंगचा कोर्स करायचं कधीपासून डोक्यात होतं, कारण आमच्याकडे एखादा सेट बिघडला की पार्सल करून बाहेर पाठवायचा आणि वाट बघत बसायचं, आणि ऐन डिसेंबरच्या गर्दीत वाट बघायला वेळ कुणाकडे असतो? निघायच्या आधी आमच्या बोटवाल्या काकांनी विचारलं, "थंय जावन नेमक्या काय शिकतलंस गो?" म्हटलं काका, लोक पाण्याखाली ज्यातून श्वास घेतात ना, ते उघडून परत बसवायला.

मुंबईहून बँकॉक चारेक तासांचं विमान. तिथून चुंफॉनला रात्रीची ट्रेन घेतली, आता दक्षिणेकडच्या लांबच्या गाड्या बँकॉकच्या क्रुंग थेप आफिवात या नव्या भल्यामोठ्या स्टेशनवरून सुटतात, जुन्या हुआलम्फोंगवरून नाही, हे लक्षात ठेवा. स्लीपरमध्ये अटेंडंट येऊन स्वतः गादी-चादर घालून पडदा लावून देतो, खूप छान झोप लागली. चुंफॉनला अंधारातच उतरायचं, बसने धक्क्यावर, आणि तिथून कॅटामरान फेरीने सकाळी कोह ताओच्या मे हाद जेट्टीवर. बेट जेमतेम २१ चौरस किलोमीटरचं, पण जगात सगळ्यात जास्त नवे डायव्हर जिथे तयार होतात त्या जागांपैकी एक. माड आहेत, डोंगर थेट समुद्रात उतरलेत, फक्त आपल्याकडे जांभा दिसतो तिथे इकडे ग्रॅनाइटचे प्रचंड गुळगुळीत गोटे. प्रवासाचं एवढंच, कारण खरं सांगायचंय ते वर्कशॉपबद्दल.

वर्कशॉप म्हणजे डाइव्ह शॉपच्या मागची छोटी खोली, भिंतीपलीकडे काँप्रेसरची घरघर, टेबलावर पांढरा कागद आणि प्रत्येकासमोर खणाखणांचा ट्रे. माझ्या शेजारी म्यानमारचा एक मुलगा होता, तिथल्याच एका शॉपमध्ये सिलिंडर भरायचं काम करणारा, आणि त्याचा हात इतका सफाईदार होता की मी माझं काम थांबवून बघत राहायचे. सर मूळचे इंग्लंडचे, बेटावर कायमचे राहिलेले.

सुरुवात त्यांनी इतिहासापासून केली आणि ते मला फार आवडलं. १९४३ साल, युद्धातला फ्रान्स, पेट्रोल मिळत नाही म्हणून गाड्या लाकूड-कोळशाच्या गॅसवर चालवायची वेळ, आणि एमिल गान्यान नावाचा इंजिनियर त्यासाठीच्या व्हॉल्व्हवर काम करत होता. तोच व्हॉल्व्ह बदलून त्याने आणि फ्रेंच नौदलातल्या झाक कूस्तोने मिळून अ‍ॅक्वा-लंग, म्हणजे पाण्याखाली श्वास घ्यायचं यंत्र, बनवलं. आज मालवणात किल्ल्याजवळ पहिल्यांदा पाण्यात उतरणारा टुरिस्ट जो श्वास घेतो त्याचं मूळ तिथे आहे.

काम कसं चालतं ते थोडक्यात सांगते. सिलिंडरमध्ये हवा २०० बार दाबाला भरलेली असते. सिलिंडरवर बसणारी रेग्युलेटरची फर्स्ट स्टेज तो दाब खाली आणते, आजूबाजूच्या पाण्याच्या दाबापेक्षा साधारण ९ ते १० बार जास्त एवढ्यावर, याला इंटरमिजिएट प्रेशर म्हणतात, सगळे नुसतं आयपी म्हणतात. मग तोंडातली सेकंड स्टेज. तुम्ही श्वास ओढला की आतला रबरी पडदा आत खेचला जातो, तो एक लिव्हर दाबतो, छोटा व्हॉल्व्ह उघडतो आणि पाण्याच्या दाबाइतक्याच दाबाची हवा मिळते. श्वास थांबला की स्प्रिंग व्हॉल्व्ह बंद करते. बस्स. आणि रचना अशी केलेली असते की फर्स्ट स्टेजमधली सीट, म्हणजे व्हॉल्व्ह जिच्यावर टेकून बंद होतो तो तुकडा, झिजून आयपी वाढत गेलं तर हवा बंद होण्याऐवजी सेकंड स्टेज उघडून हवा वाहायला लागते. हे मला वरवर माहीत होतं, पण सुटे भाग तळहातावर घेऊन बघितल्यावर ज्याने हे असं ठरवलं त्याच्याबद्दल मनापासून आदर वाटला.

मी आमच्या सेंटरचे दोन जुने सेट नेले होते. पहिला उघडला तर आतला फिल्टर हिरवा. सर म्हणाले फिल्टर सगळं सांगतो, हिरवा म्हणजे आत पाणी गेलंय, तपकिरी-लालसर म्हणजे स्टीलच्या सिलिंडरमधला गंज, काळा म्हणजे काँप्रेसरकडे बघा. आत पिस्टनच्या कडेला मिठाचे खडे अक्षरशः चमकत होते. ओ-रिंग, म्हणजे हवा गळू न देणारी रबरी कडी, काढायला पितळेचा किंवा प्लॅस्टिकचा पिकच, म्हणजे टोकदार आकडाच, वापरायचा, स्टीलचा लागला आणि खोबणीत ओरखडा पडला की तो भाग कायमचा गळतो. मग अल्ट्रासॉनिक क्लीनर, त्यात कोमट पाणी आणि सौम्य अ‍ॅसिड, साधं पांढरं व्हिनेगरसुद्धा चालतं, पण क्रोम केलेल्या पितळी भागांनाच, आणि तेही थोडा वेळच. फर्स्ट स्टेजची ती सीट भिंगाखाली धरली तर पिस्टनची कडा रोज आपटून तिच्यावर गोल खाच पडलेली स्पष्ट दिसली. तो एवढासा प्लॅस्टिकचा तुकडा, शर्टाच्या बटणाएवढा, आणि त्यावर माणूस विसंबलेला असतो.

सगळ्यात महत्त्वाचं मी शिकले ते आयपी गेज, आयपी मोजायचं काट्याचं मीटर. जॅकेट फुगवणाऱ्या इन्फ्लेटरच्या होजला लावायचं, सिलिंडर उघडायचा, पर्ज, म्हणजे सेकंड स्टेजवरचं हवा सोडायचं बटण, दाबून सोडायचं. काटा खाली जातो, झटकन वर येतो आणि थांबतो. थांबला तर सीट चांगली. थांबायच्या ऐवजी हळूहळू वर सरकत राहिला तर सीट गेली, मग आज श्वास कितीही छान येत असला तरी. माझ्या दुसऱ्या सेटचा काटा असाच सरकत होता, तो सेट गेल्या सीझनला शेवटपर्यंत वापरात होता आणि कुणाचीच तक्रार नव्हती. हे बघून माझ्या पोटात गोळा आला, कारण आमच्याकडे जे येतात त्यातल्या कित्येकांना पोहताही येत नाही, त्यांना काय कळणार आणि त्यांनी का कळून घ्यावं? ते आपलंच काम आहे.

सरांचा नियम असा की ज्याने जोडला त्यानेच तो तोंडात घेऊन उतरायचं. आम्ही सत्ताकूट नावाच्या बुडवलेल्या जहाजावर गेलो, दुसऱ्या महायुद्धातलं अमेरिकन जहाज, पुढे थाई नौदलात गेलं आणि २०११ मध्ये डायव्हिंगसाठी मुद्दाम बुडवलं. तळ तीसेक मीटरवर, म्हणजे तिथे दाब ४ बार आणि हवा वरच्यापेक्षा चौपट दाट. तोफेजवळ थांबून मी नुसते श्वास घेत होते, एकदम हलके, शांत. वर आल्यावर म्यानमारच्या त्या मुलाने काही न बोलता अंगठा आणि बोट जोडून ओके केलं, डायव्हरचं ते नेहमीचंच, पण त्या दिवशी खूप भारी वाटलं.

एक सांगते, व्हिडिओ बघून घरी उघडू नका. सुट्या भागांचे किट कंपन्या प्रशिक्षण घेतलेल्यांनाच देतात आणि प्रत्येक मॉडेलचे टॉर्क (किती जोराने आवळायचं ते), आयपी वेगळे. पण गेज सगळ्यांनी ठेवावं. धुताना डस्ट कॅप, म्हणजे फर्स्ट स्टेजच्या तोंडावरचं झाकण, आधी कोरडी करून घट्ट लावा आणि धुण्याच्या पाण्यात असताना पर्ज दाबू नका, आमच्या फिल्टरच्या हिरव्या रंगाचं कारण बहुतेक हेच.

आता सेंटरवर एक वही केलीये, रोज सकाळी पहिल्या बोटीआधी प्रत्येक सेटचं आयपी त्यात लिहायचं. मालवण, तारकर्ली, देवबागकडचे कुणी असाल तर सीझन सुरू व्हायच्या आत आपापले सेट घेऊन या, गेज लावून बघू, पैसे नकोत.