आमची वाटचाल : आडतीच्या माडीवरून

२०१३ साली लातूरच्या मार्केट यार्डात, मामांच्या आडत दुकानाच्या माडीवर आम्ही दोघा मित्रांनी वेबसाइट बनवायला सुरुवात केली. खाली तूर-सोयाबीनची पोती, वर तीन सेकंडहँड कॉम्प्युटर. तिन्हींवर विंडोज एक्सपी, कोड लिहायला नोटपॅड प्लस प्लस. फुकट आणि हलकं. मामा जिन्यातूनच विचारायचे, "काय चाललंय रे पोरांनो, ह्याच्यात पट्टी निघंल का?" पट्टी म्हणजे विकलेल्या मालाच्या हिशेबाचा कागद.

पहिलं गिऱ्हाईक क्लासवाले होते. लातुरात आमचा धंदा म्हणजे क्लासेस, दवाखाने आणि बियाणांची दुकानं. आजही तसंच आहे. एप्रिल २०१४ मध्ये एक्सपीचा सपोर्ट संपला, तेव्हा एक मशीन मामांना देऊन टाकलं आणि विंडोज ७ ची चार जुनी मशीनं घेतली. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला रेल्वेनं पाणी आलं, त्या वर्षी वेबसाइट कोण करतंय? रिकाम्या वेळात व्हीएस कोड, म्हणजे मायक्रोसॉफ्टचा कोड लिहायचा एडिटर, शिकून घेतला, एवढंच त्या वर्षाचं उत्पन्न.

आमच्याकडचा एक मुलगा ब्रॅकेट्स या दुसऱ्या एडिटरवर अडून बसला होता. अडोबीनं १ सप्टेंबर २०२१ ला ब्रॅकेट्सचा सपोर्ट थांबवला तेव्हा तो दोन दिवस कुणाशी नीट बोलला नाही. नंतर सगळेच व्हीएस कोडवर आलो. आता सुटलो असं वाटलं, आणि खरी गंमत तिथून सुरू झाली.

२०२२ मध्ये विंडोज ७ साठी व्हीएस कोडची १.७० ही शेवटची आवृत्ती ठरली. एडिटर बंद पडला नाही, उघडायचा. पण एक्स्टेन्शन, म्हणजे एडिटरला जोडायची जास्तीची सोय, घ्यायला गेलं की त्याला नवी आवृत्ती हवी असायची. पुढंही सुटका नव्हती. हा एडिटर इलेक्ट्रॉन नावाच्या सांगाड्यावर उभा आहे आणि इलेक्ट्रॉनच्या पोटात क्रोमियम, म्हणजे क्रोम ब्राउझरचाच गाभा. क्रोमियमनं जुनं विंडोज सोडलं की वरच्यांनाही आज ना उद्या सोडावंच लागतं. विहीर आटली की मोटार नवी असून काय उपयोग!

नवी मशीनं घेण्याएवढे पैसे नव्हते, म्हणून लिनक्स या फुकटच्या ऑपरेटिंग सिस्टीमकडे वळलो. तिथंही मेख होतीच. ३२ बिट, म्हणजे जुन्या धाटणीच्या लिनक्सवर व्हीएस कोडनं २०१९ पासूनच नव्या आवृत्त्या देणं थांबवलं होतं, आणि आमची विंडोज ७ ची मशीनं ३२ बिट. आठवडाभर हळहळत बसलो. मग एकदा प्रोसेसरचं नाव नीट वाचलं तर कोअर टू ड्युओ, म्हणजे ६४ बिट चालवणारा! रॅम २ जीबीच होती म्हणून विकणाऱ्यानं ३२ बिट विंडोज टाकून दिलेलं. रॅम ४ जीबी केली, ६४ बिट झुबुंटू हे हलकं लिनक्स टाकलं, आणि काम सुरू. डिझाइनच्या एका मशीनवर मात्र विंडोज १० ठेवलं. गिऱ्हाइकांचा मजकूर अजूनही श्रीलिपी या विंडोजवरच्या मराठी टायपिंग सॉफ्टवेअरमधून येतो, त्याला इलाज नाही.

लिनक्सवर आल्या आल्या जुन्या साइट्सचे फोटो आमच्याच मशीनवर गायब! फाइलचं नाव मोठ्या अक्षरात, कोडमध्ये लहान. विंडोजला दोन्ही सारखंच, लिनक्सला नाही. म्हणजे "सर्व्हरवर गेल्यावरच फोटो का जातात" म्हणून आम्ही इतकी वर्षं होस्टिंगवाल्याशी भांडत होतो, ते सगळं भांडण फुकटचं.

फेब्रुवारी २०२४ चा दणका मोठा होता. रात्री एडिटर आपोआप १.८६ झाला आणि सकाळी एका क्लासच्या सर्व्हरला जोडेचना. त्यांची परीक्षेची नोंदणी चालू, फोनवर फोन. आमच्या मशीनवर सगळं ठीक होतं. पण सर्व्हरवर उबुंटू १८.०४ हे जुनं लिनक्स, त्यातली जीलिबसी (लिनक्सवरचे प्रोग्रॅम ज्यावर चालतात ती मूळ लायब्ररी) २.२७, आणि नव्या आवृत्तीला दूरच्या मशीनवरही किमान २.२८ हवी होती. दुपारपर्यंत सगळीकडे १.८५ परत टाकली आणि आपोआप अपडेट बंद केलं. काही दिवसांत १.८६.१ आली आणि जुन्या सर्व्हरना तात्पुरती सवलत मिळाली. पण तोवर मी क्लासच्या सरांना सर्व्हर बदलायचा खर्च सांगून टाकला होता, आणि सर चक्क हो म्हणाले होते.

आता भिंतीवर एक कागद आहे: मशीन, ऑपरेटिंग सिस्टीम, किती बिट, एडिटरची आवृत्ती, जीलिबसी. मशीन घ्यायचं असलं की आधी तो कागद, मग दुकानदार. नव्या पोरांना हे जरा म्हातारपणाचं वाटतं. वाटू दे.

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. डिझाइनचं मशीन ११ घेत नाही, त्यामुळे सोयाबीनच्या हंगामातली बिलं वसूल झाली की पहिला खर्च तोच.

मामांना दिलेलं एक्सपीचं मशीन मात्र खाली अजून चालू आहे. इंटरनेट नाही, कव्हरवर तुरीची धूळ. शेतकऱ्यांच्या पट्ट्या त्यावरच निघतात. नोटपॅड प्लस प्लस मी त्यातून काढलेलं नाही.