स्वयंपाकघरातले धुणे

मी न्यूयॉर्कला राहतो असे सांगितले की साताऱ्याकडच्या आमच्या नातेवाइकांच्या डोळ्यांसमोर जे घर उभे राहते, त्यात भांडी घासायचे, कपडे धुवायचे आणि कपडे वाळवायचे अशी तिन्ही यंत्रे ओळीने मांडलेली असतात. प्रत्यक्षात क्वीन्समधल्या जॅक्सन हाइट्स भागातले आमचे बिऱ्हाड म्हणजे दुसऱ्या महायुद्धाच्या आधी बांधलेल्या इमारतीत चौथ्या मजल्यावर एक निजायची खोली, एक बसायची खोली आणि दोन माणसांना एकमेकांना ओलांडून जाता येणार नाही एवढेसे स्वयंपाकघर. तळघरात सामायिक मशीनसुद्धा नाही. या शहरातल्या जुन्या इमारतींत ही गोष्ट सर्रास आढळते आणि म्हणूनच वस्तीत थोड्याथोड्या अंतरावर लॉन्ड्रोमॅट, म्हणजे नाणी टाकून कपडे धुण्याचे दुकान, दिसते. रविवारी सकाळी आठवड्याचे कपडे भल्यामोठ्या पिशवीत कोंबून, ती पिशवी ढकलगाडीवर घालून, चार जिने उतरून तिथे जायचे आणि दीड-दोन तास फिरणाऱ्या कपड्यांकडे बघत बसायचे, हा आमचा चार वर्षांचा शिरस्ता होता.

तिथल्या मशीनना २५ सेंटची नाणी लागतात, ज्यांना इथे क्वार्टर म्हणतात. आता पुष्कळ दुकानांत कार्ड चालते, पण आमच्या कोपऱ्यावरच्या दुकानाने ती सुधारणा अजून मनावर घेतलेली नाही. बँकेत १० डॉलर दिले की ४० नाण्यांची कागदात गुंडाळलेली नळी मिळते. एकदा वडिलांशी फोनवर बोलताना मी सहज म्हणालो, “घरात एकही क्वार्टर उरली नाही, त्यामुळे आजचा रविवार वाया गेला.” पलीकडे बराच वेळ शांतता पसरली. मग त्यांनी फोन आईकडे दिला.

खरी अडचण मात्र पैशांची किंवा नाण्यांची नव्हती, कपडे साठण्याची होती. आपल्याकडे धुणे हे रोजचे काम असते. पहाटे भिजत घातलेले कपडे अकरापर्यंत दोरीवर असतात आणि मळका कपडा दुसऱ्या दिवसापर्यंत घरात पडून राहणे हे आळशीपणाचे लक्षण समजले जाते. इथे मात्र मळक्या कपड्यांची टोपली हा घरातल्या सामानाचाच एक भाग असतो. आम्ही दोघेच होतो तोवर ते अंगवळणी पडले होते, पण मुलगी सात महिन्यांची होऊन वरणभात खायला लागली आणि आठवडाभर साठवण्याची ही पद्धत पार कोसळली. हळदीचा डाग सात दिवस मुरला की तो डाग राहत नाही, कापडाचा रंगच होऊन बसतो.

तेव्हा छोटे, सरकवता येण्याजोगे मशीन घ्यायचे ठरले. बाजारात त्याचे साधारण दोन प्रकार मिळतात. पहिला एका टबचा आणि पूर्ण स्वयंचलित असून त्याला चाके असतात. नळ जोडला की पाणी भरणे, धुणे, विसळणे, पिळणे हे सगळे ते आपले आपण करते. दुसऱ्यात दोन टब असतात. डावीकडे तळाशी फिरणारी चकती असलेला धुण्याचा टब, उजवीकडे पिळण्याची छोटी जाळीदार बादली आणि वर दोन फिरत्या बटणांची घड्याळे. कपडे एका टबातून दुसऱ्यात आपणच उचलून टाकायचे. हा दुसरा प्रकार हलका, स्वस्त आणि आमच्या सिंक व शीतकपाटामधल्या फटीत बसणारा होता, म्हणून साधारण दीडशे डॉलर देऊन तोच घेतला. खोके उघडून व्हिडिओ कॉलवर दाखवल्यावर आई क्षणभर पाहत राहिली आणि म्हणाली, “अरे, हे तर आपलं जुनं सेमी-ऑटोमॅटिक! तू बारावीत असताना भंगारात दिलं तेच.” तिचे म्हणणे अक्षरशः खरे होते. सात समुद्र ओलांडून मी जिथून निघालो त्याच मशीनपाशी येऊन पोहोचलो होतो.

शब्दांचा एक गोंधळ इथेच सांगून टाकतो. आपल्याकडे सेमी-ऑटोमॅटिकच्या पिळणाऱ्या टबाला सगळेजण ‘ड्रायर’ म्हणतात, पण अमेरिकेत ड्रायर म्हणजे गरम हवा सोडून कपडे पूर्ण कोरडे करणारे वेगळे यंत्र. त्यामुळे “ड्रायर आहे” असे मी आईला सांगितले तेव्हा तिला बरोबर कळले आणि तेच कार्यालयातल्या सहकाऱ्याला सांगितले तेव्हा त्याला साफ चुकीचे कळले.

मशीन घेण्याआधी मी भाडेकरार नीट वाचला होता, आणि ज्यांना इथे असे काही करायचे असेल त्यांनीही तो आधी वाचावा. अनेक करारांत घरात वॉशिंग मशीन ठेवायला स्पष्ट मनाई असते आणि त्यामागे मालकाचा केवळ हट्ट नसतो. जुन्या इमारतींत सगळ्या मजल्यांच्या सिंकचे पाणी एकाच उभ्या नळातून खाली जाते. साबणाचा फेस पाण्याइतक्या सहज वाहून जात नाही. उभा नळ जिथे तळाशी आडवा वळतो तिथे तो साचतो, मागून येणारे पाणी त्याच्यावर दाब देते आणि मग खालच्या मजल्यावरच्या कोणाच्या तरी सिंकमधून दुसऱ्याच्या कपड्यांचा फेस वर येतो. आमच्या मालकाने भिंतीतल्या नळांना कायमची जोडणी करायची नाही, कमी फेसाचाच साबण वापरायचा आणि रात्री नऊनंतर मशीन लावायचे नाही, अशा तीन अटींवर लेखी परवानगी दिली. लेखी घेतली हे बरे केले, हे पुढे कळले.

जोडणी म्हणजे फार काही नसते. स्वयंपाकघरातल्या नळाच्या तोंडाशी जी बारीक जाळी असते ती फिरवून काढायची आणि त्या आट्यांवर सोबत आलेला जोड बसवायचा. मशीनची नळी त्यावर खटकन बसते आणि काम झाले की तशीच निघते. ओढून बाहेर काढता येणारा फवाऱ्याचा नळ असेल तर मात्र हा जोड बसत नाही, आणि ते मशीन दारात आल्यावर कळण्यापेक्षा आधी पाहून ठेवावे. वीज इथे १२० व्होल्टची असते, त्यामुळे भारतातून २३० व्होल्टचे मशीन सामानासोबत आणण्याचा विचार कोणी करत असेल तर तो सोडून द्यावा. पाण्याजवळ चालणारे यंत्र असल्याने पिना जोडायची जागा मात्र विजेची गळती झाल्यास पुरवठा तोडणारी हवी. सिंकजवळ मधे दोन छोटी बटणे असलेली जी चौकट दिसते, ती तीच.

आता फजितीचे सांगतो. पहिल्या आठवड्यात मी सांडपाण्याची नळी सिंकच्या काठावर नुसती अडकवून, धुण्याचे पाणी सोडायचे बटण फिरवून, बाहेरच्या खोलीत मुलीला झोपवायला गेलो. आतला पंप सुरू झाला की पाणी जोराने येते आणि मोकळी नळी सापासारखी उसळी घेते, याची मला कल्पना नव्हती. नळी उडून ओट्यामागे पडली आणि साबणाचे वीसेक लिटर पाणी लाकडी जमिनीवर पसरले. माझ्या कानांवर आला तो फक्त मशीनचा आवाज थांबल्याचा. टॉवेल, चादरी, शेवटी मुलीची लंगोटवजा दुपटी असे हाताला लागेल ते टाकून मी पाणी टिपत होतो, तेवढ्यात दारावर टकटक झाली. खालच्या मजल्यावर राहणाऱ्या कोलंबियन आजी हातात पातेले घेऊन उभ्या होत्या. त्यांना इंग्रजी बेताचे येते आणि मला स्पॅनिश मुळीच येत नाही, पण पातेल्यात पाणी होते आणि पाण्यावर फेस होता, त्यामुळे संभाषणाची गरजच पडली नाही. त्यांच्या स्वयंपाकघराच्या छताला भाकरीएवढा डाग पडला. तो रंगवून घेण्याचा खर्च मी दिला आणि मालकाचा फोन आला तेव्हा ती परवानगीची चिठ्ठी कामाला आली. त्या दिवसापासून नळी सिंकच्या नळाला पट्ट्याने आवळून बांधलेली असते आणि मशीन चालू असताना घरातले एक माणूस स्वयंपाकघरातच थांबते. भाजी चिरायची, कणीक मळायची, काहीही करायचे, पण तिथेच.

साबणाचे गणितही मला नव्याने शिकावे लागले. माझे हात साताऱ्याच्या घरच्या बोअरच्या जड पाण्याला सरावलेले, जिथे मूठभर पावडर टाकली तरी फेस येता येत नाही. न्यूयॉर्कचे पाणी शहराच्या उत्तरेला आणि वायव्येला, कॅट्स्किलच्या डोंगरांतून आणि डेलावेअर नदीच्या खोऱ्यातून, पार दोनशे किलोमीटर अंतरापर्यंतच्या जलाशयांतून येते आणि ते मऊ असते. त्यात क्षार कमी असल्याने थोडासा साबणही भरपूर फेसाळतो. पहिल्या दिवशी माझ्या मुठीच्या अंदाजाने टबाचे झाकण वर उचलले गेले. आता अडीच किलो कपड्यांना एक मोठा चमचा द्रवरूप साबण पुरतो. त्याहून जास्त घातला तर विसळण्याचे एक पाणी वाढते. पाण्याचा विषय निघालाच आहे तर हेही सांगतो की हे मशीन पाणी वाचवणारे नाही. आमच्या बादलीने मोजले तेव्हा धुण्याचे एक आणि विसळण्याची दोन मिळून साठ लिटरच्या आसपास पाणी लागले, आणि एवढ्याच पाण्यात समोरून उघडणारे चांगले मोठे मशीन याच्या दुप्पट-तिप्पट कपडे धुऊन काढते. आपल्या बायका पूर्वीपासून करत आल्या तसे, आधी पांढरे कपडे धुऊन त्याच साबणाच्या पाण्यात मागाहून रंगीत टाकायचे, एवढी काटकसर मात्र याच मशीनमध्ये जमते, कारण पाणी कधी सोडायचे हे आपल्या हातात असते.

गेल्या वर्षी एप्रिलमध्ये आई सहा महिन्यांसाठी आली आणि मशीनचा ताबा तिच्याकडे गेला. पहिल्याच दिवशी तिने मला बाजूला सारले. मुलीच्या लाळेऱ्यावर वरणाचा पिवळा डाग होता, तो तिने मशीनमध्ये टाकण्यापूर्वी साबणाने चोळला आणि डाग एकदम लालसर झाला. मी घाबरलो. “हळदीला साबण लागला की ती लाल होणारच,” असे म्हणून तिने तो मशीनमध्ये फिरवला, पिळला आणि ऊन येणाऱ्या एकुलत्या एका खिडकीच्या काचेला टेकवून ठेवला. संध्याकाळपर्यंत तिथे फिकट पिवळी छटा राहिली होती आणि दुसऱ्या दिवशीच्या उन्हात तीही गेली. हळदीतल्या रंगद्रव्याला प्रकाश सोसत नाही, हे मी शाळेत शिकलो होतो; लॉन्ड्रोमॅटच्या बंद ड्रायरमध्ये ते डाग का जात नव्हते, हे मात्र तेव्हा उमगले.

तिच्या सुती साड्यांनी मात्र मशीनला घाम फोडला. साडेपाच मीटर लांबीचे कापड त्या फिरत्या चकतीवर टाकले की त्याचा दोरखंड वळला जातो आणि पिळायच्या टबात तो एका बाजूला बसला तर मशीन स्वयंपाकघरात अक्षरशः चालू लागते. शेवटी साडीच्या चौपदरी घड्या घालून, ती जाळीच्या पिशवीत ठेवून धुवायची आणि पिळताना टबाच्या कडेने गोल बसवून वरून प्लास्टिकची चकती दाबायची, ही युक्ती तिनेच काढली.

मग प्रश्न आला वाळत घालण्याचा. आमच्या खिडकीबाहेर लोखंडी जिना आणि त्याचा छोटा सज्जा आहे. “एवढी छान गॅलरी मोकळी आणि कपडे घरात?” असे तिने पहिल्या आठवड्यात किमान दहा वेळा विचारले असेल. तो आग लागल्यावर सुटकेसाठी ठेवलेला मार्ग असून त्यावर एखादी कुंडी ठेवणेही नियमाबाहेरचे आहे, हे तिला पटले, पण आवडले नाही. मागच्या गल्लीत काही घरांच्या अंगणात अजूनही कप्पीवरून ओढायची दोरी खिडकीपासून खांबापर्यंत बांधलेली दिसते. ती दोरी पाहिली की आई उसासा टाकायची. साडी आम्ही न्हाणीघराच्या पडद्याच्या दांडीवर घालत असू, म्हणजे तोवर कोणी अंघोळीला जायचे नाही.

जुलै-ऑगस्टमध्ये इथली हवा इतकी दमट असते की पिळून काढलेला शर्टही दुसऱ्या दिवशी कुबट वास मारतो. कोकणातल्या श्रावणाची आठवण व्हावी असा. पंखा आणि एअर कंडिशनर दोन्ही लावल्याशिवाय गत्यंतर नसते. हिवाळ्यात नेमके उलटे होते. १ ऑक्टोबर ते ३१ मे या काळात, दिवसा बाहेरचे तापमान ५५ अंश फॅरनहाइटच्या खाली गेले की घरात किमान ६८ अंश, म्हणजे २० सेल्सिअस, ऊब ठेवणे मालकाला कायद्याने बंधनकारक असते. आमचा वाफेचा जुना रेडिएटर तर त्याहून कितीतरी जास्त तापतो आणि हवा इतकी कोरडी करतो की सकाळी नाक आवळून आलेले असते. रात्री आठला घडीच्या स्टँडवर वाळत घातलेले कपडे सकाळी खडखडीत होतात आणि त्यांच्यातल्या ओलाव्याने झोपही बरी लागते. फक्त रेडिएटरवर थेट काही टाकू नये. माझ्या एका पांढऱ्या बनियनवर त्याच्या लोखंडी पट्ट्यांचे गंजके ठसे अजून आहेत.

गोधडी काही यात मावत नाही. आजीच्या जुन्या लुगड्यांची, आईने हाताने शिवलेली ती गोधडी कोरडी असतानाच टब भरून टाकते आणि भिजल्यावर तर दोघांनी मिळून उचलावी लागते. त्यामुळे महिन्यातून एकदा तिला पिशवीत भरून मी कोपऱ्यावरच्या त्या दुकानात नेतो. त्यासाठीची नाणी लोणच्याच्या रिकाम्या बरणीत ठेवलेली असतात आणि वडील आता फोनवर आवर्जून विचारतात, “काय रे, क्वार्टर आहेत ना घरात?”