लंडनहून पॅरिस, भारतीय पासपोर्टवर

लंडनच्या सेंट पँक्रस स्टेशनातून सुटणारी युरोस्टार रेल्वे सव्वादोन तासांच्या आसपास पॅरिसला पोचते. माझ्या ऑफिसातली ब्रिटिश मंडळी गुरुवारी ठरवतात आणि शनिवारी सकाळी तिथून क्रोसाँचे फोटो टाकतात. माझ्याकडे भारतीय पासपोर्ट, म्हणजे शेंगेन व्हिसा (एकाच व्हिसावर युरोपातल्या अनेक देशांत फिरू देणारा) आलाच, त्यामुळे मे 2025 मधल्या पॅरिसवारीची कागदपत्रं थंडी संपायच्या आधीच जमवायला घेतली. आई पुण्याहून येणार, मी लंडनहून जाणार आणि आमची भेट पॅरिसमध्ये, असा बेत होता.

"आईबाबा इकडे आले की त्यांचा शेंगेन व्हिसा इथूनच काढता येईल का?" हा प्रश्न इथल्या मराठी व्हॉट्सॲप ग्रुपवर दर उन्हाळ्यात येतो, म्हणून आधी त्याबद्दल. ज्या देशात तुमचं कायदेशीर वास्तव्य आहे तिथूनच अर्ज करायचा, असा मूळ नियम आहे. पाहुणा म्हणून आलेल्याला आपल्या देशातून अर्ज का केला नाही, याचं पटण्याजोगं कारण द्यावं लागतं, आणि 'लेकीकडे आलो होतो' एवढ्याच कारणावर मी तरी भिस्त ठेवणार नाही. म्हणून आईने तिकडून अर्ज केला आणि मी इकडून.

शेंगेनमध्ये आता 29 देश आहेत. अर्ज मात्र जिथे सर्वांत जास्त दिवस राहणार त्याच देशाकडे करायचा, आणि दिवस सारखेच असतील तर जिथे आधी पाऊल ठेवणार त्या देशाकडे. लवकर अपॉइंटमेंट मिळते म्हणून भलत्याच देशाचा अर्ज भरून मग हवं तिकडे फिरणारे इथे पुष्कळ भेटतात. मला ते पटत नाही. पुढच्या अर्जाच्या वेळी आपल्या येण्याजाण्याच्या नोंदी तपासल्या जाऊ शकतात.

अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि निदान 15 दिवस आधी तरी द्यावाच लागतो. खरी लढाई अपॉइंटमेंटची. ईस्टर आणि उन्हाळ्याच्या तोंडावर व्हिसा केंद्राच्या कॅलेंडरवर सगळे चौकोन राखाडी. कुणी आपली वेळ रद्द केली की एखादा चौकोन उघडतो, म्हणून सकाळचा चहा मी रोज त्या पानासमोरच घेत होते. तसाच एक चौकोन मिळाला, तोही सकाळी पहिल्या वेळेचा.

फाइलमध्ये नेहमीचेच कागद: परतीचं तिकीट, हॉटेलचं बुकिंग, पगाराच्या स्लिपा, तीन महिन्यांची बँक स्टेटमेंटं, किमान 30,000 युरोचा प्रवासविमा. हॉटेलचं बुकिंग असेल तर फ्रान्स माणशी दिवसाला 65 युरो दाखवायला सांगतो, नसेल तर 120. मित्राकडून उसने घेऊन आदल्या आठवड्यात खात्यात एकदम भरलेली रक्कम स्टेटमेंटमध्ये लगेच डोळ्यांत भरते, त्यामुळे त्या भानगडीत पडू नका.

परदेशात राहणाऱ्यांच्या अर्जात सगळ्यात कळीचा कागद म्हणजे वास्तव्याचा पुरावा. ब्रिटनमधली रहिवासाची कार्डं 2024 च्या अखेरीस संपली, आता सगळं ई-व्हिसावर, म्हणजे ऑनलाइन नोंदीवर. म्हणजे सरकारने मोठ्या हौसेने कागद बंद केला आणि मी त्याचीच प्रिंट काढून फाइलला लावली, सोबत शेअर कोड, म्हणजे ती नोंद दुसऱ्याला ऑनलाइन तपासता यावी म्हणून मिळणारा कोड. हा 90 दिवस चालतो. शेंगेनमधून बाहेर पडल्यावरही इथलं वास्तव्य निदान तीन महिने शिल्लक असावं लागतं. कुणाचा वर्क व्हिसा संपत आला असेल तर त्याने आधी तो वाढवून घ्यावा, पॅरिस कुठे जात नाही. परत येण्याची हमी आपण द्यायची आणि तीही अशा देशात परतण्याची, जो आपल्यालाही मुदतीवरच ठेवतो, हे जरा मजेशीरच आहे.

केंद्रात काउंटरवरच्या बाईंनी रजेचं पत्र दोनदा वाचलं. कामावर परत रुजू होण्याची तारीख त्यात आहे ना, एवढंच त्यांना पाहायचं होतं. मग एसएमएस हवा का, कुरिअर हवं का, अशी पैसे वाढवणारी प्रश्नावली. व्हिसाचे 90 युरो आणि वर केंद्राचा सेवाआकार, तेवढं मला पुरे होतं. बोटांचे ठसे 59 महिने जपून ठेवतात आणि तेवढ्या काळात पुन्हा वापरतात. माझे त्याहून जुने होते, म्हणून पुन्हा नव्याने दिले.

पासपोर्ट आला. स्टिकरवर प्रवेश एकच आणि राहण्याचे दिवस तिकिटाबरहुकूम मोजलेले. त्याच आठवड्यात आईचा फोन: "अगं, मला दोन वर्षांचा दिलाय. कितीही वेळा जा म्हणे!"

ही चूक नव्हती. गेल्या तीन वर्षांत दोन शेंगेन व्हिसा घेऊन नीट वापरले असतील, तर भारतीयांना दोन वर्षांचा मल्टिपल-एंट्री व्हिसा मिळू शकतो, असा नियम युरोपीय कमिशनने एप्रिल 2024 मध्ये केला. आईच्या टूरवाल्यांबरोबरच्या दोन सहली त्यात चपखल बसल्या. पण ही सवलत भारतात राहून भारतातूनच अर्ज करणाऱ्यांसाठी आहे. माझ्यासारख्यांना सर्वसाधारण नियम: दोन वर्षांत तीन व्हिसा वापरले, तर पुढचा एक वर्षाचा.

प्रवासाच्या सकाळी फ्रेंच पोलिसांची चौकी सेंट पँक्रसमध्येच लागली. गाडीत बसण्याआधी, लंडनच्या जमिनीवरच फ्रान्सचा शिक्का. कुठे राहणार, सोबत कोण, एवढंच विचारलं. शिक्क्याच्या कोपऱ्यात छोटीशी आगगाडी होती, विमानवाल्यांना तेव्हा विमान असायचं. पॅरिसच्या गार द्यू नोर स्टेशनात उतरले तेव्हा कुणी काही विचारलं नाही, सरळ आरईआर-बी ही लोकल पकडून विमानतळावर आईला आणायला गेले.

संध्याकाळी स्टेशनमागच्या ला शापेल भागात गेलो. श्रीलंकन तमिळ लोकांची दुकानं, डोसे, मोगऱ्याचे गजरे. आयफेल टॉवर आईने टूरवाल्यांबरोबर पाहिला होता, हे नव्हतं पाहिलं. डोसा खाता खाता म्हणाली, "पुढच्या एप्रिलात हॉलंडला जाऊ, ट्युलिप बघायला. माझा व्हिसा आहेच."

"माझा नाहीये ना, आई."

"मग काढ की! कागद तर सगळे तयार आहेत तुझे."

तयार कसले! शेअर कोड तोवर संपलेला असणार, स्टेटमेंटं नवी लागणार, रजेचं पत्र नवं लागणार. जुने चालतील ते फक्त बोटांचे ठसे.