शेंगोळे, कागदातली द्राक्षं आणि जेलरोडचं माहेर

लग्न होऊन डोंबिवलीला आले तेव्हा सगळ्या मावश्या-आत्यांनी एकच सांगितलं होतं, "बरं झालं बाई, माहेर जवळ आहे." नकाशावर बघितलं तर खरंच जवळ आहे. कल्याणला गाडीत बसायचं, कसारा चढायचा, इगतपुरी, देवळाली, की आलं नाशिकरोड. दीडशे किलोमीटरही होत नाहीत. पण दोन दिवसांच्या सुट्टीतला किती वेळ हा रस्ता खातो आणि आईच्या हातात किती उरतो, याचा हिशोब मी आता करायला लागले आहे आणि तो केला की मला राग येतो.

या जानेवारीत शनिवारी सकाळी गाडी काढली. खरं तर ट्रेननेच जायचं होतं, पण शनिवार-रविवारची चार तिकिटं वेटिंगवर, आणि बाबांसाठी घेतलेली उंच पाठीची, हात असलेली खुर्ची न्यायची होती. गुडघ्यांमुळे त्यांना साध्या खुर्चीतून उठायला त्रास होतो. ती खुर्ची डिकीत आडवी घातली, मुलांना मागे बसवलं आणि सातला निघालो. हे म्हणाले, "समृद्धीने जाऊ, घाटाची कटकट नको."

समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा 76 किलोमीटरचा टप्पा 5 जून 2025 ला सुरू झाला आणि 701 किलोमीटरचा सगळा रस्ता खुला झाला. कसाऱ्याच्या डोंगराखालून जवळपास 8 किलोमीटरचा बोगदा आहे. पूर्वी घाटात एखादा ट्रक बंद पडला की लतीफवाडीपासून इंजिन बंद करून बसावं लागायचं, मुलांना उलट्या व्हायच्या, खाली उतरून पाण्याची बाटली तोंडावर ओतायची. ते सगळं आता काही मिनिटांत डोंगराच्या पोटातून पार होतं. रस्ता उत्तमच आहे. पण आमण्यापर्यंत पोहोचायचं कसं? गांधारी पुलावरून बापगावमार्गे पडघ्याकडे निघालो आणि कंटेनरच्या रांगेत अडकलो. गोदामांकडे वळणारे कंटेनर, त्यांच्या बाजूने उलट्या दिशेने घुसणारे टेम्पो, मधल्या फटीत दुचाक्या. मुलगी सातवीत आहे, तिने पुस्तक काढलं आणि वाचून संपवलंही. धाकटा भुकेला झाला. डब्यातल्या पोळ्या नाशिकला पोहोचायच्या आतच संपल्या.

दहा वाजता आईचा फोन. "कुठे आलात?"

"पडघ्याच्या अलीकडे."

"बरं. सावकाश या, घाई करू नका." एवढंच. तिचा तो "बरं" मला कळतो. त्या शब्दाच्या मागे तिने चुलीवरचं आधण खाली उतरवलेलं असतं.

पुढे समृद्धीवर गाडी पळाली, इगतपुरीला उतरलो, घोटीच्या टोलनाक्यावर पुन्हा रांग, वाडीवऱ्हेपर्यंत बरं, आणि पाथर्डी फाट्यापासून शहराने पुन्हा अडवलं. सिंहस्थ कुंभमेळ्याची कामं चालू आहेत. 31 ऑक्टोबर 2026 ला ध्वजारोहण आहे, 2027 ला पर्वण्या, त्यामुळे जिकडे बघावं तिकडे खोदलेलं. होऊ दे, चांगले रस्ते होऊ देत, सिंहस्थाला जगभरातून माणसं येतात. पण द्वारका चौकात चारही बाजूंनी येणाऱ्या बस, रिक्षा आणि उसाच्या ट्रॉल्यांमध्ये उभं राहून माझ्या डोक्यात एकच येत होतं: हा वेळ मी माझ्या सुट्टीतून देत नाहीये, आईच्या वाट्यातून देतेय. रविवारी परत निघायची वेळ काही पुढे सरकत नाही ना. उशीर नेहमी एकाच बाजूने कापतो.

शहराबाहेरच्यांना सांगायला हवं की आम्ही नाशिकचे असलो तरी नाशिकरोडचे. आमच्याकडे अजूनही म्हणतात, "जरा नाशिकला जाऊन येते," म्हणजे शालिमारला, मेनरोडला, कॉलेजरोडला. बाबा प्रेसमध्ये होते. मुद्रांक, पासपोर्ट छापणारा इंडिया सिक्युरिटी प्रेस 1925 सालचा, मग नोटा छापणारा करन्सी नोट प्रेस, आणि या दोन्हींच्या आधाराने उपनगर, जेलरोड, दसक-पंचक वाढत गेलं. आमच्या गल्लीत प्रत्येक दुसऱ्या घरातून कुणी ना कुणी प्रेसमध्ये होतं. शिफ्ट सुटली की बिटको चौकात सायकलींचा लोंढा यायचा आणि आम्ही मुली गच्चीवरून आपापले बाबा ओळखायचो.

घरी पोहोचलो तेव्हा दुपार कलली होती. आईने शेंगोळे केले होते. थंडीत हुलग्याचे शेंगोळे हा आमच्याकडचा ठरलेला बेत. हुलग्याचं पीठ, त्यात थोडी कणीक, ओवा, ठेचलेला लसूण, तिखट, हळद. घट्ट मळायचं आणि तेलाचा हात लावून तळहातावर वळायचं, दोन्ही टोकं जुळवून कडबोळ्यासारखं. मग लसणाच्या खमंग फोडणीच्या उकळत्या पाण्यात एकेक सोडायचं. शिजताना त्यातलंच पीठ उतरतं आणि रस्सा दाट होतो. ते ताटात पडायला हवेत उतरल्या उतरल्या, बाजरीच्या भाकरीबरोबर, वरून कच्चं तेल. थांबले की फुगतात, रस्सा पिऊन टाकतात, पिठल्याचा गोळा होतो. म्हणून आईने अकरा वाजल्यापासून वळून ठेवलेले शेंगोळे ओल्या फडक्याखाली झाकले होते आणि आमची गाडी गेटात शिरल्याचा आवाज आल्यावर पाण्यात सोडले. दोघंही जेवले नव्हते. बाबांना औषधासाठी वेळेवर जेवावं लागतं, तर त्यांनी चार बिस्किटं खाऊन गोळी घेतली होती. मी बोलले तर म्हणाले, "अगं, सगळे एकत्र बसून किती दिवस झाले."

नवी खुर्ची बाबांना आवडली. हातावर जोर देऊन ते एका दमात उठले, मग पुन्हा बसले, पुन्हा उठले. धाकट्याने टाळ्या वाजवल्या. संध्याकाळभर ते त्याच खुर्चीत बसून त्याला नोट उजेडात धरून तिच्यातला वॉटरमार्क कसा बघायचा ते दाखवत होते.

रात्री मैत्रिणींना भेटायचं ठरलेलं होतं. पण उशिरा पोहोचल्यामुळे मी मनातून ते रद्दच केलं होतं. फोन करायला उठले तर आईने हातातून मोबाईल काढून घेतला. "त्या दिवसभर वाट बघतायत. तू जा. मुलं माझ्याजवळ झोपतील. आणि स्वेटर घाल, कानाला बांध."

आम्ही सगळ्या जेलरोडच्या एकाच शाळेतल्या. एक बँकेत आहे, एक पॅथॉलॉजी लॅब चालवते, एक शिक्षिका, आणि एकीचं लग्न मखमलाबादच्या पुढे मातोरीला द्राक्षबागायतदाराच्या घरात झालं. आमची एकत्र रात्र म्हणजे बँकवालीच्या गाडीतून नाशिकला जायचं, कॉलेजरोडला काहीतरी खायचं, मग गंगेवर. गोदावरीला आम्ही कुणी गोदावरी म्हणत नाही, गंगाच. रात्री अकराच्या पुढे रामकुंडावरची गर्दी ओसरते, दुतोंड्या मारुतीच्या पायऱ्यांवर बसता येतं. पुराचं पाणी कुठपर्यंत आलं ते नाशिककर या मारुतीवरूनच सांगतात: गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, छातीला लागलं. आम्ही चहा घेतला आणि तिथल्या गारठ्यात बोलत बसलो.

आणि तिथे मला कळलं की गेल्या पावसाळ्यात बाबा बाथरूममध्ये घसरले होते. मला कुणीच सांगितलं नव्हतं. लॅबवालीने त्यांना रिक्षात घालून नेलं, एक्सरे काढला, रात्री दवाखान्यात खाटेसाठी दीड-दोन तास कॉरिडॉरमध्ये ताटकळत ठेवलं तेव्हा ती तिथल्या माणसांशी भांडली. शिक्षिका दोन दिवस आईला डबा देत होती. "काकूंनी शपथ घातली होती, तुला सांगायचं नाही म्हणून. तू रडत रडत घाट उतरणार-चढणार." मी खरंच रडले. कुणी समजूत घातली नाही. बँकवालीने तिची शाल माझ्या खांद्यावर टाकली आणि अजून एक कटिंग मागवला. या मैत्रिणींना भेटणं म्हणजे आईवडिलांच्या वेळातून चोरलेली रात्र, असं मला इतकी वर्षं वाटायचं. त्या रात्री ते वाटणं गेलं. माझ्या घरातला मी नसतानाचा भाग या तिघी-चौघींनी सांभाळला आहे.

मातोरीवाली मात्र गंगेवर आलीच नव्हती. तिचा फोन आला, "पारा उतरतोय. निफाडला एक आकडी गेलाय. मला बागेतून हलता येत नाही. तुम्हीच या." रात्री साडेबाराला आम्ही मखमलाबाद नाक्यावरून गाडी वळवली.

द्राक्षाची बाग थंडीत रात्री कशी असते हे मी नाशिकची असून पहिल्यांदाच पाहिलं. तिची बाग थॉम्पसन जातीच्या द्राक्षांची आहे, मण्यांत पाणी उतरायला लागलेलं. या वेळी दिवसा ऊन आणि रात्री कडाका असा फरक वाढला की हिरवे मणी गुलाबी पडतात, पिंक बेरी म्हणतात त्याला, आणि मग निर्यातीला माल चालत नाही. म्हणून प्रत्येक घडाला वर्तमानपत्राचा कागद लावतात. बॅटरीचा झोत मांडवाखाली टाकला तर जिथवर उजेड जाईल तिथवर कागदच कागद, टाचणी मारून घडाभोवती गुंडाळलेले, कुठे शेअर बाजाराचं पान, कुठे वधू-वर पाहिजेत. तिने एक कागद हळूच वर करून दाखवला. आत घड गच्च भरलेला, मण्यांवर पांढरट लव, हात लावू देत नाही, लव पुसली की भाव पडतो. बायका एकेक घड हातात घेऊन हे करतात. एकरी घडांची संख्या किती मोठी असते याचा विचार केला की मंडईत द्राक्षांसाठी घासाघीस करावीशी वाटत नाही.

वीज त्या आठवड्यात रात्रपाळीची होती. शेतीची वीज अशीच येते, कधी दिवसा, कधी मध्यरात्रीनंतर, आणि बागायतदाराने तिच्या वेळेला उठायचं. पण थंडीत रात्रीच्या विजेचा एक उपयोग होतो. विहिरीचं पाणी हवेपेक्षा कोमट असतं, ते पहाटेच्या आधी ठिबकने सोडलं की जमिनीचं तापमान थोडं टिकतं. शिवाय बांधाबांधाला ओला पालापाचोळा पेटवून धूर करायचा. तो धूर मांडवाखाली पसरतो आणि गारवा खाली उतरू देत नाही. तिचा नवरा मोटरीकडे गेला आणि आम्ही चौघी तिच्याबरोबर शेकोट्या पेटवत फिरलो. डोळे चुरचुरत होते, बोटं बधिर. एप्रिलची खरड छाटणी, ऑक्टोबरची गोडी छाटणी, फवारण्या, औषधांच्या दुकानाची उधारी, गेल्या वर्षी अवकाळीने नेलेली बाग, हे सगळं ती शेकोटी फुंकता फुंकता सांगत होती. तक्रार म्हणून नाही, आम्ही विचारत होतो म्हणून. शाळेत गणितात पहिली यायची ती. आजही पाण्याचा, औषधाचा, मजुरीचा हिशोब तोंडी आहे.

चार वाजता तिच्या सासूबाईंनी सगळ्यांना गुळाचा चहा आणि भाकरीवर ठेचा दिला. पहाटे घरी आले तर आई जागी होती. माझ्या केसांचा वास घेऊन म्हणाली, "बागेत गेला होतात होय? ती पोर बरी आहे ना?"

रविवारी सकाळी सगळे मिसळ खायला गेलो. त्याच मखमलाबादच्या बाजूला, शेतातली, चुलीवरची. बाबांना बाहेर नेऊन बरेच महिने झाले होते. आई म्हणाली होती गुडघ्यांना झेपणार नाही, पण डिकीत नवी खुर्ची पुन्हा टाकली आणि ती थेट टेबलाशी लावली. काळ्या मसाल्याचा रस्सा, मटकी, पापड, दही, आणि बाबांनी पथ्य बाजूला ठेवून अर्धी जिलबी. नाशिकमध्ये कुणाची मिसळ चांगली यावर मी वाद घालत नाही, पण बाबा दोनदा रस्सा मागून घेतात ती माझ्यासाठी चांगली.

सोमवारी मुलांच्या शाळेला दांडी मारायची ठरवली. हे रविवारीच गाडी घेऊन परतले आणि मी मुलांबरोबर सकाळच्या पंचवटीने निघाले. सातच्या सुमाराला नाशिकरोडला सुटणारी ही गाडी 1975 पासून इथल्या नोकरदारांना मुंबईला पोहोचवते. डब्यात पासधारकांची आपली जुनी ओळखदेख, कुणाचा वाढदिवस, कुणाची निवृत्ती, सगळं तिथेच साजरं होतं. घाट उतरताना खिडकीतून धुकं आणि खाली दरी. मुलं झोपली नाहीत, चिडली नाहीत, आणि दहाच्या आत आम्ही कल्याणला. मी आता ठरवलं आहे: शक्य तेव्हा रेल्वेच. त्यासाठी आधी आरक्षण करावं लागेल, तर करावं.

आरक्षण आता साठ दिवस आधी सुरू होतं, म्हणून गाडीत बसल्या बसल्याच रंगपंचमीची तिकिटं काढली, शुक्रवारी संध्याकाळच्या पंचवटीची. नाशिकला धुळवडीपेक्षा रंगपंचमीच मोठी. पेशवेकालीन रहाडी, म्हणजे जमिनीतले हौद, उघडतात, तिवंध्याला, शनिचौकात त्यांत रंग भरतात आणि पोरं त्यात उड्या घेऊन धप्पा मारतात. मुलांनी ते अजून पाहिलेलं नाही. पण तेव्हा मातोरीच्या बागेत तोडणी चालू असेल आणि ती येऊ शकणार नाही. त्यामुळे सकाळी रहाड बघायची आणि दुपारी सगळ्यांनी मातोरीला जायचं असं ठरलं आहे. आई-बाबाही येणार आहेत, खुर्ची घेऊन. आईने मैत्रिणीच्या सासूबाईंना फोन करून सांगूनही टाकलं की स्वयंपाक करू नका, पुरणपोळ्या मी आणते.