तुम्ही विचारलंत म्हणून: भर दुपारी नवरानवरीचे फोटो

मुहूर्त 12 वाजून 35 मिनिटांचा, महिना वैशाखाचा, आणि लॉनचा मॅनेजर सांगतो की कारंज्यासमोर फोटो झकास येतात. मग नवरीची आई मला बाजूला घेऊन विचारते, "ताई, एवढ्या उन्हात बाहेरचे फोटो नीट येतील का हो? का राहू देत?" या धंद्यात नवीन आलेली मुलंही हेच विचारतात, फक्त त्यांच्या प्रश्नात लेन्स आणि फ्लॅश असतो. सगळ्यांना माझं उत्तर एकच: येतात, चांगले येतात. पण जागा मला ठरवू द्या. आणि ती ठरवताना मी मागचं कारंजं बघणार नाही, पायाखालची जमीन बघणार आहे.

दुपारच्या उन्हाची खरी अडचण ते येतं कुठून ही आहे. पुण्यात 13 मेच्या सुमारास शून्य सावलीचा दिवस असतो, आमच्या साताऱ्यात त्याच्या दोनतीन दिवस आधी. सूर्य अगदी माथ्यावर. तोही बाराच्या ठोक्याला नाही, साडेबाराच्या आसपास, कारण आपलं घड्याळ चालतं ते पार प्रयागराजकडून (पूर्वीचं अलाहाबाद) जाणाऱ्या रेखांशावर. म्हणजे अंतरपाट धरायची वेळ आणि सूर्य डोक्यावर यायची वेळ एकच. असं ऊन कपाळावर आणि नाकाच्या शेंड्यावर पडतं, डोळे मात्र भुवयांखाली काळोखात जातात. त्यात आपले दागिने. मुंडावळ्यांच्या सरींच्या गालांवर काळ्या रेघा उमटतात, नथीची सावली वरच्या ओठावर पडते आणि तिथे काहीतरी लागलंय असं वाटतं. तुळशीच्या लग्नानंतरचे मुहूर्त या बाबतीत सोपे. डिसेंबरात भर दुपारीसुद्धा सूर्य इथे साधारण 50 अंशांवरच असतो, चेहऱ्यावर उजेड तिरपा येतो.

वैशाखात तसं नाही. तेव्हा नवरानवरीला सावलीत घ्यायचं, आणि एकदा सावलीत घेतलं की त्यांचा चेहरा उजळतो तो बराचसा समोरच्या जमिनीवरून उसळलेल्या उन्हाने. म्हणून जमीन कसली आहे याला एवढं महत्त्व. हिरवळीवर उभं केलं की हनुवटीखाली आणि गळ्यावर हिरवी झाक येते. पिवळ्या शालूवर ती जास्तच खुपते आणि नंतर कॉम्प्युटरवर काढायला गेलं तर शालूचा रंगही बिघडतो. कोकणात जांभ्याचं अंगण आणि लाल माती चेहरा तांबूस करतात. थोडं असेल तर ते छान दिसतं. वाईचा किंवा मेणवलीचा घाट सगळ्यांना हवा असतो, आणि आहेच तो देखणा, पण तो काळ्या दगडाचा. काळा दगड ऊन गिळतो, चेहऱ्याला परत काही देत नाही. शिवाय भर दुपारी त्यावर अनवाणी पाय ठेवून बघा. घाट हवाच असेल तर सकाळी 8 वाजता या, मी आनंदाने येईन.

मला आवडते ती जुन्या घराची पडवी. समोर शहाबादी फरशीचं नाहीतर सारवलेलं अंगण, पलीकडे चुन्याची पांढरी भिंत, आणि वर कौलांची वळचण. नवरीला सावलीच्या कडेपासून हातभर आत उभं करायचं, तोंड अंगणाकडे. फार आत नेलं तर चेहरा मंद होतो, कडेवर आणलं तर पदराची जर उन्हात जाते आणि तिथे नुसता पांढरा डाग उरतो. आधी मी एखाद्या करवलीला तिथे उभं करते आणि तिच्या डोळ्यांत बघते. बुबुळात अंगणाचा उजळ तुकडा चमकताना दिसला की जागा पक्की. वाडा नसला तरी चालतं. कार्यालयाचं पोर्च, देवळाचा सभामंडप, पार्किंगची पांढरी भिंत, यातलं काहीतरी सापडतंच. फोटोत दिसणार आहेत ती दोघं, पार्किंग नाही.

झाडाखाली घ्या, असं हमखास कोणीतरी सुचवतं. कडुनिंबाखाली कवडसे पडतात, अर्ध्या गालावर ऊन, अर्ध्यावर सावली. आंबा किंवा वड दाट असेल तर जमतं. मांडवाचं कापडही आधी विचारून घ्या. पांढरं किंवा मोतिया असेल तर त्यातून गाळून आलेला उजेड फार सुंदर असतो. लाल, गुलाबी, जांभळं असेल तर सगळं वऱ्हाड त्या रंगाचं होतं, आणि कडेने साधा उजेडही येत असल्यामुळे तो रंग पुरता निघत नाही.

सावली कुठेच नसेल तर? नव्या मुलांसाठी सांगते. डोक्यावर पांढरा डिफ्युजर, म्हणजे उजेड गाळणारं कापड, धरायला एक माणूस ठेवा. ऊन तिथेच मऊ होतं. उजेड परतवणाऱ्या रिफ्लेक्टरची चंदेरी बाजू अशा उन्हात डोळ्यांवर मारू नका, पांढरी बाजू पुरते. फ्लॅश वापरायचा तर गणित समजून घ्या: कडक उन्हात आयएसओ (कॅमेऱ्याची संवेदनशीलता) 100 ला शटर 1/200 सेकंद आणि लेन्सचं छिद्र एफ 11 लागतं, आणि बहुतेक कॅमेऱ्यांचा फ्लॅश 1/200 ते 1/250 पर्यंतच साधा जुळतो. मागचं धूसर हवं म्हणून छिद्र मोठं करून एफ 2.8 वर आलात की शटर 1/3200 वर जातं. तिथे हायस्पीड सिंक (वेगवान शटरशी फ्लॅश जुळवायची सोय) लागतो आणि त्यात फ्लॅशची ताकद खूप पडते, म्हणून दिवा अगदी जवळ आणावा लागतो. नाहीतर लेन्सवर एनडी फिल्टर, म्हणजे उजेड कमी करणारी काच, लावा. काहीही केलंत तरी एक्सपोजर जरीवरून धरा, चेहरा नंतर उचलता येतो. जळालेली जर परत येत नाही.

माणसांकडे मात्र यापेक्षा जास्त लक्ष हवं. नवरीचा त्या दिवशी बहुतेक वेळा मुहूर्तापर्यंत उपास असतो. आधी पाणी द्या, पायाखाली सतरंजी टाका. डोळे बारीक होत असतील तर दोघांनाही मिटायला सांगा आणि तीन म्हटल्यावर उघडायला सांगा. पहिल्या क्षणी डोळे मोकळे असतात, तेवढ्यात फोटो घ्या. नवऱ्याचा चष्मा उन्हात काळा होणारा असेल तर साधी जोडी सोबत आणायला आधीच फोनवर सांगा, कारण अशा काचा सावलीतही बऱ्याच काळवंडतात आणि फोटोत डोळेच दिसत नाहीत. आजीआजोबांना या खटाटोपात ताटकळत ठेवू नका. जागा, उजेड, कॅमेरा सगळं तयार झाल्यावर त्यांना बोलवा, आणि त्यांचा फोटो सगळ्यात आधी घ्या.

आणि अल्बमच्या वेळी "जरा उजळ करून द्या ना" असं कोणी म्हटलं, तर मी विचारते, फोटो उजळ करू की मुलीचा रंग? पहिलं मी करते. दुसरं करत नाही, पैसे देणाऱ्याने सांगितलं तरी नाही. सावळ्या चेहऱ्यावर अंगणातून उसळलेलं ऊन पडतं तेव्हा गालाच्या हाडावर जी तुकतुकी येते, ती मिळावी म्हणून तर मी पडवी शोधत फिरते.