शंभराची भेट एकशे अडतीसला

मंगळवार, रात्री साडेदहा

आज दिवसभर एकच काम: क्लायंटना वर्षाखेरीला द्यायच्या भेटींचं बजेट. आजवर गेल्या वर्षीच्या आकड्यावर दहा टक्के चढवले की माझं बजेट तयार व्हायचं. या वेळी सरांनी आकडा आधीच सांगून टाकला, गेल्या वर्षीइतकाच. नावं मात्र 62 ची 74 झालीत.

मी भागाकार करून मोकळी झाले. तेवढ्यात अकाउंट्समधले काका खुर्ची ओढून बसले. म्हणाले, "जुनी बिलं काढ. सगळी." वस्तूंचं बिल एक, खोक्यांचं दुसरं, लोगो छापल्याचं तिसरं, कुरियरची तर चार. सहा पार्सलं चुकीच्या पत्त्यामुळे परत आलेली, त्यांचं भाडं दुप्पट. शंभराची वस्तू क्लायंटच्या टेबलावर जाईपर्यंत आम्हाला एकशे अडतीसला पडली होती. म्हणजे माणशी 138 मंजूर असतील तर वस्तू शंभरातलीच बघायची. शिवाय मोजून मागवायच्या नाहीत, पाच जास्तीच्या हव्यात. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात सरांना कुणीतरी आठवतंच.

काकांकडे या विषयावरही किस्सा होता. अमेरिकेत धंद्यातल्या भेटीचा खर्च करपात्र उत्पन्नातून वजा मिळतो तो एका माणसामागे वर्षाला 25 डॉलरपर्यंतच, आणि 1962 च्या कायद्यातला हा आकडा अजून हललेला नाही. कंपनीचं नाव छापलेली, चार डॉलरच्या आतली पेनं वगैरे तर तिथे भेटीत मोजतच नाहीत. ऐकून हसू आलं. गेल्या वर्षी भल्यामोठ्या लोगोच्या डायऱ्या वाटून मी केवढी खूश होते! या वर्षी लोगो फक्त कार्डावर.

यादीही आजच चाळली. ती बिलिंगच्या क्रमाने लावलेली, त्यामुळे सर्वांत वर तो क्लायंट, ज्याचे पैसे नव्वद दिवसांच्या आत कधी आलेले नाहीत. तो राहिला, सरांचा शब्द. नऊ नावं मात्र कापली. त्यांच्याकडे भेटवस्तू घ्यायची मनाई आहे. त्यातल्या एकाने गेल्या वर्षी खोकं न उघडता, अगदी नम्र पत्र जोडून परत पाठवलं होतं, तेव्हा मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्या नऊ जणांना हाताने लिहिलेलं पत्र जाईल, बस्स. बाकीच्यांनाही आधी विचारून घ्यायला हवं.

उरली 65. त्यात मी एक नाव स्वतःहून घातलं. एका क्लायंटच्या अकाउंट्समधल्या बाई. बिलात काही चुकलं की त्या बिल अडकायच्या आधी मला फोन करतात, गेली तीन वर्षं. यादी सह्या करणाऱ्यांची, त्यामुळे त्या कधीच तिच्यात नव्हत्या.

सरांनी ती ओळ बघून विचारलं, "का? बिलं लवकर निघावीत म्हणून?"

राग आला. "तसं काही नाही," म्हटलं खरं, पण घरी येताना बसमध्ये तोच प्रश्न डोक्यात. त्यांच्या साहेबांना पाठवलं तर संबंध जपणं, आणि यांना पाठवलं तर चिरीमिरी? पण उलट बाजूने बघितलं तर त्यांच्या ऑफिसात त्या खोक्याबद्दल काय बोललं जाईल, हे मी कुठे बघणार आहे.

पत्र लिहायचं ठरवलंय. नऊची दहा पत्रं. त्या बाईंचं पहिलं लिहीन, उरलेल्या नवांचा कंटाळा यायच्या आधी.